गाळ्यात काही सांडलं तर त्यावर काय टाकायचं, काय अजिबात टाकायचं नाही

लेथ_मरोळ

मुंबईतल्या दहा बाय पंधराच्या गाळ्यात बॅटरीचं ॲसिड, थिनर, कॉस्टिक सोडा, बाथरूमचं ॲसिड, ब्लीच आणि ब्रेक ऑइल हे सगळं बहुतेक एकाच फळीवर असतं. त्यातलं काही सांडलं की हात जातो तो जवळच्या दुसऱ्या बाटलीकडे. नुकसान बहुतेक वेळा सांडलेल्या पहिल्या वस्तूने होत नाही, तिच्यावर ओतलेल्या दुसऱ्या वस्तूने होतं. म्हणून हा धागा. ज्याला ज्या वस्तूची पक्की माहिती आहे त्याने प्रमाणासकट लिहावं. "थोडा सोडा टाका" असं मोघम नको.

सुरुवात बॅटरीच्या ॲसिडपासून करतो. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतल्या ॲसिडची घनता १.२८ च्या आसपास असते, म्हणजे वजनाने साधारण ३७ टक्के सल्फ्युरिक. एक लिटर सांडलं तर त्यात पावणेपाचशे ग्रॅम शुद्ध ॲसिड असतं, आणि ते मारायला हिशेबाने ८१० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. लक्षात ठेवायला सोपं: जितके मिलिलिटर सांडलं तितके ग्रॅम सोडा. थोडा जास्त होतो, पण खाण्याचा सोडा जास्त झाला तर त्रास काही नाही. चमचाभर भुरभुरवून "फेस आला, झालं" म्हणणारे बहुतेक ॲसिड लादीवर तसंच ठेवून जातात.

टाकायची पद्धत: कडेने सुरू करून मध्याकडे यायचं. मधोमध एकदम ओतला तर फेसाच्या दाबाने ॲसिड बाहेर पसरतं आणि शिंतोडे उडतात. १०० मिली ॲसिडमधून जवळपास २४ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, यावरून फेसाचा अंदाज घ्या. शटर उघडं ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा.

सोडाखार

चांगला धागा. वरच्या हिशेबाला एक पुरवणी जोडते, कारण इथेच बहुतेकांचं काम अर्धवट राहतं.

सोडा टाकल्यावर वरचा थर फेसाळून घट्ट होतो, पांढरी खपली धरते आणि फेस थांबतो. खालचं ॲसिड मात्र तसंच असतं, त्याच्यापर्यंत सोडा पोचलेलाच नसतो. म्हणून प्लास्टिकची पट्टी किंवा लाकडाची काठी घेऊन ती खपली फोडायची, ढवळायचं आणि थोडं पाणी शिंपडायचं. पुन्हा फेस आला तर पुन्हा सोडा. ढवळल्यावर आणि पाणी शिंपडल्यावरही फेस येईनासा झाला म्हणजे खरोखर संपलं. लोखंडी सुपली किंवा पत्र्याचा तुकडा वापरू नका. ॲसिड लोखंडाला आणि जस्ताच्या मुलाम्याला खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. गॅल्व्हनाइजची बादलीही त्याच कारणासाठी नको.

धुण्याचा सोडा चालतो, पण कोणता ते बघा. कोरडी भुकटी असेल तर लिटरला सव्वापाचशे ग्रॅम पुरतो. खड्यांचा सोडा असेल तर त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे एका लिटरला जवळपास १४०० ग्रॅम लागतो. दुकानात दोन्ही एकाच नावाने मिळतात, म्हणून पिशवीत हात घालून बघा: भुकटी की काचेसारखे खडे.

विरवलेला चुना लिटरला ३६० ग्रॅमच लागतो आणि गॅसही होत नाही, पण गरम खूप होतं आणि मागे जिप्समचा चिखल राहतो. कळीचा चुना मात्र कधीच नको. त्याला पाणी लागलं की तो स्वतःच उकळतो, ॲसिडमध्ये पडला तर उकळतं ॲसिड अंगावर येतं. कॉस्टिकने ॲसिड मारायचा विचारही नको. हिशेबाने बरोबर आहे, पण उष्णता एकदम सुटते आणि जरा प्रमाण चुकलं की ॲसिडच्या जागी कॉस्टिक सांडलेलं उरतं.

लादी_पॉलिश

लादीबद्दल कुणीच बोललं नाही अजून. ॲसिड सांडलं की लादीसुद्धा त्या अभिक्रियेत सामील असते.

मुंबईतल्या जुन्या गाळ्यांत शहाबादी किंवा कोटा असतो. दोन्ही चुनखडीचेच दगड. सिमेंटचा कोबा असेल तर त्यातही चुना आहे, आणि मोझॅइक टाइलमध्ये सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे. या सगळ्यांवर ॲसिड पडलं की दगडच फेसाळतो. फेस बघून माणसाला वाटतं की मळ निघतोय. निघतो तो लादीचा वरचा थर. कोट्यावर ॲसिडचा एक थेंब एक मिनिट राहिला तरी तिथे पांढुरका, खरखरीत डाग पडतो आणि तिरप्या उजेडात तो खड्ड्यासारखा दिसतो. तो कशानेही धुतला जात नाही, घासून पॉलिशच करावं लागतं. खरखरीत झालेल्या जागी पुढे तेल जास्त मुरतं, मग ते काढायला आणखी ॲसिड ओततात. तेलाच्या डागावर ॲसिडचा उपयोग शून्य आहे हे कृपया सगळ्यांना सांगा. मशिनच्या तेलावर ते काही करत नाही.

ग्रॅनाइटवर एवढा परिणाम होत नाही. पण दोन लाद्यांमधला सांधा सिमेंटचाच असतो.

गंजाच्या डागासाठी ऑक्झॅलिक ॲसिड. लादी पॉलिशवाले वापरतात तेच. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, दहा मिनिटं ठेवून ब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. विषारी आहे, हातमोजे हवेत, आणि चहाच्या भांड्यांजवळ ठेवायचं नाही. गंजावर ब्लीच टाकू नका. ब्लीचने लोखंडाचा डाग जात नाही, उलट पक्का बसतो.

नवा_गाळेकरी

बाथरूमचं ॲसिड मोरीत सांडलं तर वास मारायला वरून ब्लीच टाकतात, ते कितपत धोक्याचं? थोडंसं असेल तर चालतं का?

सोडाखार

नाही चालत, थोडंसंही नाही. हिशेब देते म्हणजे पटेल.

घरगुती ब्लीच साधारण पाच टक्क्यांचं धरा. चहाच्या एका कपाएवढं, म्हणजे १०० मिली, ॲसिडमध्ये गेलं तर त्यातून दीड लिटरपेक्षा जास्त क्लोरीन वायू निघू शकतो. दहा बाय पंधरा फुटांचा आणि दहा फूट उंचीचा गाळा म्हणजे साडेबेचाळीस हजार लिटर हवा. त्यात हा वायू सारखा पसरला तरी दहा लाखात पस्तीस-चाळीस भाग होतो. दहा लाखात १० भाग ही जिवाला तात्काळ धोक्याची पातळी मानली जाते. आणि तो सारखा पसरत नाहीच. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो, तो मोरीजवळ, जमिनीलगत साचतो, आणि साफ करणारा माणूस तिथेच उकिडवा बसलेला असतो.

ॲसिड म्हटलं की बाटलीतलं धूर सोडणारंच डोळ्यांसमोर येतं. पण टॉयलेट क्लीनरमध्येही हायड्रोक्लोरिक असतं, गंज काढायच्या द्रवात फॉस्फरिक असतं, डीस्केलिंगच्या, म्हणजे क्षाराचा थर काढायच्या, पुडीत सायट्रिक असतं. यातलं कशातही ब्लीच गेलं तरी क्लोरीन निघतो, फरक फक्त वेगाचा. ब्लीचिंग पावडरचंही तेच. पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं तर दमट हवेनेसुद्धा तिला क्लोरीनचा वास सुटतो.

झालंच मिसळून तर वरून काहीही ओतू नका. सोडा नाही, पाणी नाही. श्वास रोखून बाहेर पडा, शटर पूर्ण वर, शेजारच्या गाळ्यांना सांगा, गाळ्यात कुणी अडकलं असेल तर १०१. खोकला थांबला तरी डॉक्टरला दाखवा, फुफ्फुसात पाणी व्हायला काही तास लागू शकतात. पोटमाळा असेल तर कुठलीही साफसफाई सुरू करण्याआधीच वरच्याला खाली बोलवा. नंतर त्याचा जिना त्याच जड वायूत उतरतो.

कल्हईवाला

वर ॲसिडचं आलं, पण ब्लीचची दुसरी जोडी अमोनियाची, आणि आपल्याकडे अमोनिया वेगवेगळ्या नावांनी लपून बसलेला असतो.

कल्हईला आणि डाग द्यायला (सोल्डरिंगला) नवसागर लागतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. त्याची पूड ओट्यावर सांडलेली असताना कुणी ब्लीचच्या फडक्याने पुसलं तर क्लोरामाइन तयार होतं, डोळे आणि घसा जळतो. त्याच पुडीवर चुना किंवा कॉस्टिक पडलं तर सरळ अमोनिया सुटतो. तो हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणजे यावेळी पोटमाळ्यावरच्याला आधी लागतो. नवसागर सांडला तर कोरडाच झाडून घ्या आणि उरलेलं साध्या पाण्याने पुसा. एवढंच पुरतं.

दुसरं, प्लास्टर ऑफ पॅरिस. गणपतीच्या कारखान्यात आणि फॉल्स सीलिंगवाल्यांच्या गाळ्यात ते हटकून सांडतं. सुकलेलं प्लास्टर अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळवायची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने मूर्तींच्या विसर्जनासाठी दिली आहे. बेकरीवाले अमोनिया पावडर म्हणून वापरतात तीच ही वस्तू. बादलीला किंवा हत्यारांना चिकटलेल्या प्लास्टरवर ती छान चालते, भुसभुशीत खडूसारखं होऊन निघतं. पण त्या बादलीत नंतर ब्लीच घालायचं नाही. आणि ओलं प्लास्टर मोरीत धुवायचं नाही, पाण्याखालीसुद्धा ते आवळतं आणि पाइप कायमचा बंद करतं.

रंगारी_७

तेलाकडे वळूया, गाळ्यात रोज सांडतं ते तेलच.

आधी कुठलं तेल ते ओळखा. इंजिन ऑइल, हायड्रॉलिक आणि लेथचं तेल ही खनिज तेलं. कॉस्टिक टाकून त्यांचा साबण होत नाही, कितीही गरम पाणी वापरा. साबण होतो तो खाद्यतेलाचा आणि चरबीचा. खनिज तेलाला शोषणारी भुकटी आणि मग डिटर्जंट लागतं. भुसा चालतो, पण मुलतानी माती जास्त चांगली: बारीक असते, लादीच्या छिद्रांतून तेल वर ओढते. अर्धा सेंटीमीटरचा थर द्या, पायाने किंवा विटेच्या तुकड्याने चोळा, दोन-तीन तास ठेवा, झाडून घ्या. राहिलेल्या डागावर एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि दोन मोठे चमचे भांड्यांचं लिक्विड. आधी पाणी ओतलंत तर तेल तरंगत मोरीपर्यंत जातं आणि सगळा गाळा निसरडा होतो.

जवसाचं तेल मात्र वेगळं. फर्निचरच्या पॉलिशमध्ये असतं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि तसं करताना गरम होतं. जमिनीवर पसरलेलं असेल तर उष्णता निघून जाते. पण पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर आतली उष्णता आतच राहते आणि काही तासांत चिंध्या आपोआप पेट घेतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. रात्री गाळा बंद असताना हे होतं. अशा चिंध्या एकपदरी पसरून बाहेर वाळवा. पावसाळ्यात ते जमत नाही, तेव्हा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. जवसाच्या तेलावर टाकलेला भुसाही तसाच पेटू शकतो, तो पोत्यात भरून ठेवू नका.

लेथ_मरोळ

भुशाचा विषय निघालाच आहे तर भुसा कशावर टाकायचा नाही तेही येऊ दे.

रंगारी_७

नायट्रिक ॲसिड, पोहण्याच्या तलावाची दाणेदार क्लोरीन, तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फायबर ग्लासच्या रेझिनचं हार्डनर. या चारही वस्तू जळायला मदत करणाऱ्या आहेत आणि भुसा, कागद, चिंधी, कॉटन वेस्ट हे त्यांचं जळण.

सोन्याचांदीचं काम करणाऱ्यांकडे नायट्रिक असतं. त्यावर भुसा टाकला की लालसर तपकिरी धूर निघतो आणि तो पेटूही शकतो. तो धूर सुरुवातीला फारसा त्रास देत नाही, म्हणून फसवतो. फुफ्फुसात पाणी होतं ते काही तासांनी, बहुधा रात्री झोपल्यावर. नायट्रिकवर फक्त कोरडी रेती आणि सोडा.

तलावाची क्लोरीन ६५ टक्क्यांची असते. तिच्यावर ब्रेक ऑइल गळलं तर थोड्या वेळाने आपोआप आग लागते. या दोन वस्तू एका फळीवर, एकीखाली दुसरी, कधीही नकोत.

फायबरवाल्यांसाठी: हार्डनर आणि निळं-जांभळं कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते द्रव) एकमेकांत थेट मिसळलं तर स्फोट होतो. दोन्ही एकाच फडक्याने पुसायचं नाही. हार्डनर सांडलं तर ओली रेती.

नवा_गाळेकरी

माझ्याकडे ॲल्युमिनियमचं काम चालतं. मोरी तुंबली की ड्रेन क्लीनर टाकतात. त्यात काही धोका?

सोडाखार

आहे, आणि मोठा. ॲल्युमिनियमचा कीस मोरीत गेलेला असणारच. कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की हायड्रोजन निघतो आणि पाणी उकळायला लागतं. दहा ग्रॅम कीस, म्हणजे मुठीत मावेल एवढा, तेरा-चौदा लिटर हायड्रोजन देतो. बंद चेंबरमध्ये एवढा वायू आणि शेजारी ग्राइंडर चालू, हे चित्र लक्षात घ्या. आधी कीस चिमट्याने किंवा जाळीने काढा आणि तुंबलेलं यांत्रिक पद्धतीने, सळीने उघडा. काही दाणेदार ड्रेन क्लीनरमध्ये कॉस्टिकसोबत ॲल्युमिनियमचे कण मुद्दामच घातलेले असतात, त्यांना गाळ्यात थाराच देऊ नका. ड्रेन क्लीनरने काम झालं नाही म्हणून वरून ॲसिड ओतणं तर सरळ भाजून घेणं आहे. पाइपमध्ये उकळी फुटते आणि ती वर चेहऱ्यावर येते.

कॉस्टिकचे फ्लेक्स सांडले तर आधी कोरडेच प्लास्टिकच्या सुपलीत भरा. जुलै महिन्यात ते हवेतलं पाणी ओढून काही मिनिटांत चिकट होतात, त्यामुळे उशीर करू नका. उरलेल्यावर सायट्रिक ॲसिडचं पातळ पाणी, १०० ग्रॅम कॉस्टिकला १६० ग्रॅम सायट्रिक. व्हिनेगरने तेवढंच मारायचं तर तीन लिटरच्या वर लागेल, म्हणून ते परवडत नाही. आणि व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालून केलेल्या 'क्लीनर'च्या नादी लागू नका. दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते खारट पाणी.

अंगावर उडालं तर सोडा किंवा व्हिनेगर त्वचेवर चोळू नका. वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेलं तर तसंच धुवा आणि मग लगेच रुग्णालय.

गॅसवेल्डिंग_कुर्ला

कार्बाइड राहिलं, म्हणजे गॅस वेल्डिंगचं ॲसिटिलीन बनवायचे खडे. ते सांडलं तर ओलं फडकं मारायचं नाही, कोरडंच झाडायचं. एक किलो कार्बाइडमधून पाणी लागल्यावर जवळपास ३०० लिटर ॲसिटिलीन निघतं. गॅसच्या जनरेटरमधून काढलेला गाळही अर्धवट जिवंत असतो, तो उघड्यावर ठेवा, झाकणाच्या पिंपात नको. आणि त्या जागी ब्लीच तर नकोच, क्लोरीन आणि ॲसिटिलीन एकत्र आले तर ठिणगीशिवायही भडका होतो.

थिनरचं एक सांगतो. थिनर सांडलं की लोक पहिल्यांदा एक्झॉस्ट पंखा चालू करतात. तो साधा पंखा असतो, बटणात ठिणगी पडते. बटणाला हात लावू नका, ना चालू करायला ना बंद करायला. शटर उघडा, शेजारच्या वेल्डिंगला थांबवा. थिनरची वाफ जड असते आणि ती जमिनीवरून सरपटत दोन गाळे पलीकडच्या ज्योतीपर्यंत जाते. रेती किंवा मुलतानी मातीने शोषून झाकणाच्या डब्यात भरा, डबा बाहेर ठेवा. पाणी ओतलंत तर थिनर त्यावर तरंगत चेंबरमध्ये जातं. राहिलेल्या वासावर ब्लीच मारू नका, थिनरमधल्या ॲसिटोनपासून क्लोरोफॉर्म तयार होतो.

लादी_पॉलिश

ॲसिड पूर्ण मेलं की नाही हे कळायला प्रिन्सेस स्ट्रीटवर पीएच पट्टी मिळते. ती नसेल तर जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. ते पाणी ॲसिडमध्ये गुलाबी-लाल होतं, क्षारात हिरवं. हळदीचं फडकं क्षार दाखवतं, लाल होतं, पण ॲसिड दाखवत नाही. त्यामुळे हळद पिवळीच राहिली म्हणून ॲसिड संपलं असं समजू नका.

नवा_गाळेकरी

शेवटचा प्रश्न. लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं फेरिक क्लोराइड पीसीबीला (सर्किट बोर्डावरचं तांबं खोदायला) वापरलेलं आहे, ते सांडलं. सोड्याने मारून मोरीत सोडलं तर चालेल ना?

सोडाखार

मारायचं सोड्यानेच, पण मोरीत नाही सोडायचं. त्यात बोर्डावरचं तांबं उतरलेलं असतं. सोडा हळूहळू घाला, फेस थांबेपर्यंत. तपकिरी-हिरवट गाळ तळाशी बसेल, त्यात लोखंड आणि तांबं दोन्ही. रात्रभर ठेवा, जुन्या सुती कापडातून गाळा, गाळ वाळवून प्लास्टिकच्या बरणीत भरा आणि त्यावर नाव आणि तारीख लिहा. वरचं पाणी निळसर दिसलं तर अजून तांबं आहे, आणखी सोडा घाला. लादीवरच्या पिवळ्या डागाला वर सांगितलेलं ऑक्झॅलिक चालतं.

लेथ_मरोळ

या बरण्या, फुटलेल्या बॅटरीखालचा सोड्याचा चिखल (त्यात शिसं असतं) आणि तेल प्यालेली माती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकता येत नाही. तळोज्याला धोकादायक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं केंद्र आहे. किलो-दोन किलोसाठी एकट्या गाळ्याने धावण्यापेक्षा इस्टेटच्या सोसायटीने एक बंद पिंप ठेवून एकत्र पाठवणं सोयीचं. वापरलेलं इंजिन ऑइल वेगळ्या कॅनमध्ये, त्यात थिनर किंवा कूलंट न मिसळता ठेवा. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं, आणि थिनर मिसळलेलं तो घेत नाही.

फळीचं म्हणाल तर ॲसिड सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या टपात. ब्लीच आणि क्लोरीन समोरच्या भिंतीला. थिनर आणि ब्रेक ऑइल तिसरीकडे, दारापासून आणि मीटरपासून लांब. दोन किलो खाण्याचा सोडा, एक पोतं मुलतानी माती आणि नायट्राइलचे हातमोजे शटरच्या शेजारी, म्हणजे आत न शिरता हाताला लागतील.